बत्ताशाचा पट्टा

कुत्रं म्हातारं झालं की मरतं, त्यात कसलं आलंय विज्ञान? हणमंत जगदाळ्यांचं म्हणणं एवढंच होतं. डोळे पुसून त्यांनी परड्यातल्या पेरूखाली खड्डा खणायला घेतला. बायकोने हातातलं फावडं काढून घेतलं, तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले.

"आत्ता नाही," शर्वरी म्हणाली. "मला आधी त्याला उघडून बघायचंय."

"अगं, काय बोलतीस? आपला बत्ताशा हाय तो!"

"म्हणूनच."

शर्वरी जनावरांची डॉक्टर. कराडच्या बाहेर, घराला लागूनच तिचा दवाखाना. बत्ताशाला ताप होता, लघवीला कुंथत होता. म्हाताऱ्या नर कुत्र्यांना होतो तसा प्रोस्टेट ग्रंथीचा संसर्ग, तिने औषध सुरू केलं होतं. दुपारी तो उन्हातून उठला, दोन पावलं चालला आणि बसकण मारली. तिने छातीला नळी लावली तर आत ठोके नव्हतेच, नुसती थरथर होती. बघता बघता तीही थांबली. एवढ्या वर्षांत तिने असली कुत्री ढिगाने बघितली होती. या दुखण्याने कुत्रं असं जात नाही.

आणि बत्ताशा साधासुधा नव्हता. तो प्रयोगशाळेतून आलेला होता.

थोडं मागे जायला हवं. त्या काळात, म्हणजे २०३०च्या आसपास, जुनी प्रतिजैविकं एकामागून एक निकामी होत चालली होती. जंतू शहाणे झाले होते आणि माणसं मात्र होती तिथेच. दाढ काढायला जाताना लोक घरच्यांचा निरोप घेऊन जायचे. त्यातून संसर्ग प्रोस्टेटला झाला तर बघायलाच नको. मूत्राशयाखाली बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे पक्का किल्ला. रक्त आणि ग्रंथी यांच्यामध्ये पेशींची भिंत असते, आणि त्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं बाहेरच ताटकळत राहतात. चरबीत विरघळणारं आणि विद्युतभार नसलेलं औषध तेवढं आत झिरपतं.

हे कळलं ते कुत्र्यांमुळे. माणसासारखा या ग्रंथीचा त्रास भोगणारा दुसरा प्राणी म्हणजे कुत्रा, म्हणून प्रयोग त्याच्यावर. कुत्र्याच्या ग्रंथीतला रस रक्ताच्या मानाने किंचित आम्लधर्मी असतो. काही औषधं रक्तात असताना भाराविना असतात आणि भिंतीतून आत जातात. आतल्या आम्लात त्यांना भार चिकटतो, आणि एकदा भार चिकटला की आल्या वाटेने परत फिरता येत नाही. येताना दार उघडं, जाताना बंद. औषध आत साठत जातं.

एका कंपनीने याच युक्तीवर 'निवासिन' नावाचं औषध घडवलं. एकदा टोचलं की ग्रंथीत शिरायचं आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकायचं. जंतूंच्या उरावर कायमचा पहारा. त्याचे कुत्र्यांवरचे प्रयोग ज्या केंद्रात झाले तिथे तेव्हा शर्वरी नोकरीला होती. प्रयोग झकास पार पडले. कुत्री ठणठणीत. मग केंद्राच्या रिवाजाप्रमाणे ती कुत्री चांगल्या घरांत दत्तक दिली गेली, आणि घरी जाण्याआधी प्रत्येक नर खच्ची केला गेला. नियमच होता तसा. गावात उगाच पिल्लावळ वाढायला नको.

एक बत्ताशा तेवढा सुटला. त्याला न्यायला हणमंतराव आले होते. तालमीचे वस्ताद, मारुतीचे भक्त, मांडीवर थाप मारली तर भिंतीवरची पाल खाली पडावी असा माणूस. नियम ऐकून त्यांचं डोकंच फिरलं.

"माझ्या घरात नर येईल तो नर म्हणूनच येईल. मुक्या जिवाला विचारलं का कुणी?" असं म्हणून त्यांनी कुत्रं काखेत मारलं आणि चालू लागले. शर्वरीने केंद्राच्या साहेबांपुढे हात जोडले, साहेब हसले, प्रकरण मिटलं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव बत्ताशा.

मृत्यूनंतरची तपासणी तिने एकटीने केली. सवय हातांना पुढे नेत होती. ग्रंथी सुजलेली होती. रस अल्कधर्मी निघाला. तिने तो पुन्हा तपासला. जुनाट सूज आली की माणसाच्या ग्रंथीतला रस आम्लाकडून अल्काकडे सरकतो हे तिला ठाऊक होतं. बत्ताशाचाही सरकला होता. मग तिने मेजावरच्या छोट्या यंत्रात ग्रंथीचा तुकडा घातला आणि निवासिन किती आहे ते बघितलं.

जवळजवळ नव्हतंच. सगळं रक्तात होतं.

तिने सगळं जुळवून बघितलं. आम्ल होतं तोवर औषधाला भार होता, म्हणून ते कोंडलेलं होतं. अल्क वाढलं, भार गळाला, आणि एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम भिंत ओलांडून रक्तात उसळलं. इतकं एकदम आल्यावर हृदयाची लय राहते कुठली? कंपनी मात्र मोठ्या अभिमानाने सांगायची की प्रयोगातली कुत्री म्हातारी होईपर्यंत सुखाने जगली. जगणारच! खच्ची केलेल्या नराची ग्रंथी हळूहळू आक्रसून वाळून जाते. तिच्यातलं औषध थेंबाथेंबाने कधी निघून गेलं ते त्या कुत्र्यांच्या हृदयाला कळलंही नसेल. जिच्यात औषध वर्षानुवर्षं सुखरूप राहतं का ते बघायचं, ती ग्रंथीच त्या कुत्र्यांजवळ उरली नव्हती, आणि हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

मग तिला नवरा आठवला.

काही वर्षांपूर्वी हणमंतराव याच ग्रंथीच्या संसर्गाने मरायला टेकले होते. निवासिननेच वाचवले. बरे होऊन उठल्यावर त्यांनी कंपनीला आनंदाने फोटो काढू दिला. खांद्यावर गदा, खाली ओळ, 'एकदाच टोचा, आत पहारा ठेवा.' तो फोटो सातारा-सांगलीच्या प्रत्येक एसटी स्टँडवर झळकला. वस्तादांनी घेतलं म्हणून तालमीतल्या जुन्या पैलवानांनी घेतलं, त्यांच्या भावांनी घेतलं, पाहुण्यारावळ्यांनी घेतलं. दुखणं नसलेल्यांनीसुद्धा, असू दे म्हणून.

ती परड्यात आली. ते पेरूखाली उशी घेऊन बसले होते. जमिनीवर मांडी ठोकून बसणारा माणूस, आणि खाली उशी?

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मी जनावरांची डॉक्टर आहे. न बोलणाऱ्यांची दुखणी ओळखण्यातच जन्म गेला माझा. जळजळ कधीपासून होतेय?"

वस्तादांनी मान खाली घातली. "झालं असतील आठ-पंधरा दिवस. उष्णता असंल म्हणून जिऱ्याचं पाणी पितोय."

मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टर पेठे म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी ग्रंथीचा रस तपासला, रक्त तपासलं, आणि शर्वरीने सांगितलेलं सगळं दोनदा ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"रस पालटायला लागलाय. पूर्ण नाही, पण लागलाय. रक्तात निवासिन दिसतंय, थोडं. दार किलकिलं झालंय म्हणा."

"मग दुसरं औषध द्या की जंतूंना," हणमंतराव म्हणाले.

"जे आत शिरू शकतं त्याला, निवासिनलासुद्धा, हे जंतू आता भीक घालत नाहीत. आणि ज्याला घाबरतात ते आत शिरत नाही."

"कापून टाका मग."

"हात लावला तर सगळं एकदम पिळून बाहेर येईल. टेबलावरच जाल."

वस्तादांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती, की कुठल्याही पकडीला सुटका असते, फक्त डोकं थंड ठेवायचं. आता पकड त्यांच्याच ओटीपोटात बसली होती आणि सुटका दिसत नव्हती.

"एक वाट आहे," शर्वरी म्हणाली. नवऱ्याकडे न बघता. "त्या दत्तक कुत्र्यांची."

पेठ्यांनी समजावून सांगितलं. पुरुषी संप्रेरक बंद करणारं इंजेक्शन असतं. दर महिन्याला एक, काही महिने. ग्रंथी आक्रसत जाईल, औषध थेंबाथेंबाने बाहेर पडेल. दार पूर्ण उघडेपर्यंत आतली गर्दी कमी झालेली असेल. या काळात ताकद ओसरेल, अंगातून वाफा येतील, दाढी विरळ होईल, छाती दुखेल, पुरुषपण निजून राहील. बंद केल्यावर बरंचसं परत येईल. सगळं येईलच असं नाही.

हणमंतराव उभे राहिले. "म्हंजी मला खच्ची करणार व्हय?"

"अहो..."

"कुत्र्याला करू दिलं न्हाई मी. आणि आता माझी पाळी?" ते दार आपटून बाहेर गेले.

त्या दिवसापासून घराचा तुरुंग झाला. पेठ्यांनी जोर, बैठका, कुस्ती, मोटरसायकल, सगळं बंद केलं होतं. ग्रंथीवर दाब नको. मनगटावर पट्टी बांधली होती, हृदयाची लय जरा चुकली की ती किरकिरायची. वस्ताद तालमीत जायचे, लाल मातीच्या कडेला कठड्यावर बसायचे, आत उतरता यायचं नाही. पोरं विचारायची, "वस्ताद, कंबर धरली काय?" ते म्हणायचे, "व्हय." घरी आले की शर्वरीशी बोलायचे नाहीत. भाकरी मोडायची, पाणी प्यायचं, पेरूखाली बत्ताशाला पुरलं होतं त्या मातीकडे बघत बसायचं.

शर्वरीचीही काही निराळी गत नव्हती. तिने कंपनीला सगळं कळवलं. गोड उत्तर आलं. एका म्हाताऱ्या कुत्र्यावरून असा निष्कर्ष कसा काढणार? आणखी कुत्री असल्यास जरूर कळवावे. आणखी कुठून आणणार? बाकीची सगळी खच्ची झाली होती! सरकारी कार्यालयानेही चौकशी नेमतो म्हणून बोळवण केली. पेठे आपल्या परीने ओरडत होते, पण पुरावा मागितला की त्यांचाही घसा बसायचा. एकदा ती एसटी स्टँडवरून येत होती. नवऱ्याच्या त्या जुन्या फोटोखाली चहा पीत बसलेल्या माणसांकडे बघताना तिच्या मनात आलं, यातल्या कितीजणांच्या पोटात ते कोंडून बसलंय? कुणाचं दार कधी उघडेल? तिला तिथेच रडू फुटलं. लोक बघायला लागले तशी ती पदराने तोंड पुसत निघाली.

पट्टी आधी आठवड्यातून एकदा किरकिरायची. मग दिवसातून एकदा किरकिरायला लागली.

आता जगदाळ्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. वस्तादांना सुईची भीती. गदा फिरवणारा हा माणूस सुई बघितली की डोळे मिटायचा. म्हणून ताकदीचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दर महिन्याला बायकोच द्यायची. सकाळी आंघोळ झाली की ते दंड पुढे करायचे, डोळे मिटायचे, आणि "झालं काय गं?" विचारायचे. कसलं इंजेक्शन, हे त्यांनी लग्नापासून कधी विचारलं नव्हतं.

त्या महिन्याचा दिवस आला. पेठ्यांनी दिलेली बाटली शर्वरीच्या थंडपेटीत होती. "ते हो म्हणाले तरच," असं पेठे बजावून गेले होते. तिने जीवनसत्त्वाची बाटली हातात घेतली, ठेवली. दुसरी घेतली. आयुष्यभर तिने बैलांना, रेड्यांना, बोकडांना न विचारताच सुई मारली होती. त्यांच्या भल्यासाठी. त्यातल्या एकालाही तिने विचारलं नव्हतं. हाही जगेल. चिडेल, वर्षभर तोंड बघणार नाही, पण जगेल. जगल्यावर चिडू दे की!

ती भरलेली सुई घेऊन ओसरीवर आली. ओल्या केसांनी, नुकता अंगारा लावून, त्यांनी दंड पुढे केला. डोळे मिटले.

तिने कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई टेकवली. आणि हात तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

"झालं काय गं?"

"नाही." तिने सुई बाजूला घेतली. "हे ते नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "ठाऊक हाय."

"कसं ठाऊक?"

"तुझा हात कधी कापत न्हाई. आज बोळा फिरवतानाच कापत होता." त्यांनी दंड तसाच पुढे धरून ठेवला. "मला वाटलं, दिलंस तर बरं. मला हो म्हणायला नको. उद्या कुणी हसलं तर म्हणता येईल, बायकोनं फसवलं."

"मला नाही जमत. तुम्ही बत्ताशा नाही."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "एक सांग. त्याला तेव्हा तुझ्या नियमानं खच्ची करू दिला असता, तर तो जगला असता?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "हो," ती म्हणाली. "पण मग हे कुणालाच कळलं नसतं. तुम्ही असेच एक दिवस कठड्यावरून कोसळला असतात, आणि मी म्हणाले असते, वय झालं होतं."

वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. त्यांनी ते पुसलं नाही. "माझा हट्ट त्याच्या जिवावर बेतला. आणि त्याच्या जिवामुळं मी वाचणार. हे कसं फेडायचं गं?"

"त्या फोटोखाली बसलेल्यांना वाचवून."

त्यांनी दंड मागे घेतला. "मग हितं नको. तालमीत चल."

संध्याकाळी तालीम भरली होती. पेठे बाजूला उभे राहिले. वस्तादांनी जुन्या पैलवानांना बोलावून घेतलं होतं, ज्यांनी त्यांचा फोटो बघून टोचून घेतलं होतं ते सगळे. मारुतीपुढे उदबत्ती लावली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, काही न लपवता. काय टोचणार, त्याने काय होणार, कशाकशाला मुकावं लागणार. "मी सांगितलं म्हणून घेतलंत. आता मीच सांगतोय, बाहेर काढा." मग दंड पुढे केला आणि या खेपेला डोळे उघडे ठेवले. शर्वरीने सुई दिली.

कुणी हसलं नाही. कुणी पुढेही आलं नाही. बापू थोरात, एके काळचा उपमहाराष्ट्र केसरी, मातीकडे बघत म्हणाला, "बघू वस्ताद. घरी विचारतो." एकेक करून सगळे चपला घालून गेले. वस्ताद कठड्यावर एकटेच बसून राहिले, आणि शर्वरीला वाटलं, आपण या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं आणि हाती काहीच लागलं नाही.

चार-सहा दिवस असेच गेले. वस्ताद उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. मग एका दुपारी दवाखान्याच्या मागच्या दाराने बापू थोरात आला. हातात दोरी, दोरीला गल्लीतलं एक काळं कुत्रं.

"काय झालं याला?" शर्वरीने विचारलं.

"याला? काही न्हाई." बापू घामाघूम झाला होता. "वहिनी, मोठ्या दवाखान्यात त्या वॉर्डात गेलं की गावभर होतंय. हितं म्हंजी, कुत्रं दाखवायला आलो म्हणता येतंय. पेठे डॉक्टरांना बोलावता काय?"

तिने पेठ्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले, दोघांच्या दोरीला कुत्री. त्याच्या पुढच्या दिवशी एक सरपंच आला तो अलसेशियन घेऊन. आठवड्याभरात कराडच्या त्या दवाखान्यात इतकी धडधाकट कुत्री जमायला लागली की गावात साथ आल्याची बोलवा उठली. बापूचं ते काळं कुत्रं तर तिघांबरोबर येऊन गेलं. पेठ्यांनी मागच्या खोलीत खुर्ची टाकली. रक्ताचे नमुने जमू लागले, त्यांतल्या काहींत निवासिन झिरपताना दिसायला लागलं. आता हा एका म्हाताऱ्या कुत्र्याचा पुरावा राहिला नव्हता. कंपनीच्या पत्राचा सूर पहिल्यांदाच बदलला.

हणमंतराव दाराशी बसायचे. दाढी विरळ झाली होती, अंगातून वाफा आल्या की टॉवेलने वारा घ्यायचे, मनगटावरची पट्टी अजून अधूनमधून किरकिरायची. कधी कधी उगीच चिडायचे, कधी उगीच रडू यायचं, आणि रडू आल्याची लाज वाटायची तीही कमी होत चालली होती. रक्तात निवासिन रोज थोडं थोडं उतरत होतं. अजून पुष्कळ बाकी होतं. सुटका झाली असं कुणीच म्हणत नव्हतं.

एका दुपारी फाटकाशी एक तरणा गडी बराच वेळ घुटमळत उभा राहिला. आत यायचा, परत वळायचा. शर्वरी बाहेर येणार, तेवढ्यात वस्तादच उठले.

"काय रे?"

"काही न्हाई वस्ताद. सहज." त्याने मोकळे हात खिशात घातले. "माझ्याकडं कुत्रं न्हाई."

वस्ताद आत गेले. ओसरीवरच्या खुंटीला बत्ताशाचा पट्टा तसाच टांगलेला होता, गळ्यापाशी थोडा झिजलेला, पांढरे केस अजून चिकटलेले. त्यांनी तो काढला, क्षणभर मुठीत धरला, आणि त्या पोराच्या हातात दिला.

"हा धर," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर सांग, वस्तादांच्या बत्ताशाला न्यायला आलोय."